सत्यानाश झाला म्हणजे नेमकं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात अर्ज लिहून देणं हे माझं काम. पीक नुकसानीचे अर्ज, विम्याच्या तक्रारी, वाटणीचे कच्चे मसुदे, कधी एखादी बातमी. समोर बसलेला माणूस 'सत्यानास झाला बाप्पा' म्हणतो आणि कागदावर काय उतरवायचं ते मला ठरवावं लागतं. खालचे प्रश्न तिथल्या बाकावर बसणाऱ्यांनी विचारलेले, काही स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींचे.

सत्यानाश म्हणजे काय? त्यात 'सत्य' कुठं आहे?

पुन्हा उभं राहता येणार नाही असं नुकसान म्हणजे सत्यानाश. त्यात सत्य नाहीच. हिंदी कोश या शब्दाची फोड 'सत्ता + नाश' अशी करतात. इथं सत्ता म्हणजे मंत्रिपद नव्हे, 'असणं'. जे आहे त्याचं असणंच संपलं, तो सत्यानाश. सत्याचा नाश झाला असा अर्थ लावून भाषणं ठोकणारे पुष्कळ भेटतात. ऐकायला बरं वाटतं, एवढंच.

बोलताना मात्र हा शब्द फार स्वस्त झाला आहे. भाजीत मीठ जास्त पडलं तरी सत्यानाश आणि गारपिटीनं संत्र्याचा बगीचा झोडपला तरी सत्यानाश. ऐकणाऱ्याला आवाजावरून कळतं. लिहिताना आवाज नसतो, म्हणून तिथं शब्द निवडावा लागतो.

सत्यानाश बरोबर की सत्यानास?

लेखी प्रमाण मराठीत सत्यानाश. पण 'सत्यानास' म्हणणारा अडाणी असतो हा गैरसमज सोडा. संस्कृत 'नाश'चं मराठीत 'नास' हे रूप फार जुन्या काळापासून आहे. दूध नासतं, आंबा नासका निघतो, धान्याची नासाडी होते. तिथं कोणी 'नाशका आंबा' म्हणत नाही. वऱ्हाडात आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत सत्यानास म्हणतात ते याच चालीनं.

आणि 'साडेसत्यानाश'?

हा शब्द गमतीचा. कोणीतरी 'सत्या'त सात ऐकले आणि वर अर्धा चढवला. 'सत्यानाश झालाच आहे, आता साडेसत्यानाश होऊ दे' म्हणजे बुडालंच आहे तर आणखी थोडं बुडू दे. मंडईत भाव पडला की हमखास ऐकू येतो.

आमच्याकडच्या अशा शब्दांना हिंदीचा वास का येतो?

कारण १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड. नागपूर राजधानी होती आणि कचेरीत मराठीच्या शेजारी हिंदी बसलेली असायची. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्य बदललं तरी जीभ बदलत नाही. तलाठ्याला अजून पटवारी म्हणणारे आपणच, आणि धंदा बुडाला की 'भट्टा बसला' म्हणणारेही आपणच. पुण्याकडचा माणूस तिथं 'बट्ट्याबोळ' म्हणेल.

रोह्यांनी (नीलगायींनी) वावरात, म्हणजे शेतात, रात्रभर धिंगाणा घातला. सत्यानाश म्हणू का?

तुमच्या मनात आलं तर म्हणा. पण नेमका शब्द 'नासधूस'. रोही आणि रानडुक्कर खातात कमी आणि तुडवतात जास्त. नासधुशीत पीक अर्धं उभं असतं, अर्धं लोळलेलं. उरलेल्यातून काही हाती लागतं. 'नासाडी' त्याहून सौम्य. धान्य भिजलं, सांडलं, उंदरांनी खाल्लं. सत्यानाशात उरलेलं काही नसतं.

या सगळ्या शब्दांकडे मी असंच बघतो: शेवटी काय उरलं? प्रत्येक शब्दाचं उत्तर वेगळं आहे, म्हणून एकाच्या जागी दुसरा ठेवला की वाक्य खोटं पडतं.

वाटोळं आणि सत्यानाश यांत फरक आहे का?

आहे, आणि तो कापूसवाल्यानं समजून घ्यावा असा आहे.

वाटोळ्यात वस्तू जागेवरच असते. पोराचं वाटोळं झालं म्हणजे पोरगा आहे, पण हातचा गेला. घराचं वाटोळं झालं म्हणजे भिंती उभ्या आहेत, आत सुख नाही. पडझड न होता झालेला नाश सांगायला मराठीत याच्याइतका चांगला शब्द मला दुसरा दिसत नाही.

२०१७ चा खरीप आठवा. बोंडअळीला तोंड देणारं कापसाचं दोन जनुकांचं बीटी बियाणं २००६ पासून आपल्याकडे होतं आणि बोंडअळीची चिंता मिटली असं सगळे धरून चालले होते. गुलाबी बोंडअळी मात्र त्याला पचवून बसली. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं उभं पीक, दुरून पाहिली तर हिरवीगार, कमरेच्या वर, बोंडांनी लगडलेली. ही अळी बोंडात शिरते तेव्हा केसाएवढी असते आणि तिनं पाडलेलं भोक मागून बुजून जातं, त्यामुळं बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. फुलाच्या पाकळ्या न उमलता गुलाबासारख्या मिटून राहिल्या, म्हणजे डोमकळी दिसली, तरच शंका यायची. बोंड हातात घेऊन अंगठ्यानं फोडलं की आत कापूस पिवळा, चिकटलेला, कप्प्याला कप्पा जुळलेला, आणि सरकी पोकळ. वेचायला बाई लावली तर तिच्या रोजाएवढा कापूस निघेना.

अशा पऱ्हाटीला 'उद्ध्वस्त' म्हणता येत नाही, ती उभी आहे. 'जमीनदोस्त'ही नाही. 'वाटोयं केलं अयीनं' (वाटोळं केलं अळीनं) हेच त्या वावराचं खरं वर्णन होतं. लोकांनी तेव्हा हाच शब्द वापरला आणि बरोबर वापरला. अर्धमेलं पीक फरदड म्हणून पुढं दोन महिने ठेवल्यानं अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, ही वेगळी गोष्ट. ती सांगून सांगून कृषी खात्याची माणसं थकली.

'वाटोळा' म्हणजे गोल ना? मग नाश कसा?

दोन्ही अर्थ चालू आहेत. 'वाटोळा चेहरा' हे कौतुक, 'वाटोळं केलं' ही तक्रार. वाक्यात गोंधळ होत नाही, कारण गोल या अर्थाचा शब्द विशेषण म्हणून येतो आणि नाशाच्या अर्थाचा नाम म्हणून: कोणाचं तरी वाटोळं.

मातेरं म्हणजे माती का?

मातीच, पण धान्याची. खळ्यावर तूर किंवा हरभरा झोडून, उपणून रास उचलली की तळाशी जे उरतं ते मातेरं: खडे, माती, तूस आणि त्यात अडकलेले दाणे. म्हातारी बाई ते सुपात घेऊन बसायची, पाखडायची, पाण्यात टाकून दाणे वर काढायची. घरची डाळ त्यातूनही निघे. हल्ली थ्रेशर येतं, वावरातच पोती भरतात, खळं राहिलं नाही, आणि हा शब्द मूळ अर्थानं तरुणांना माहीत नाही.

म्हणून 'आयुष्याचं मातेरं झालं' यात चांगल्या वस्तूत घाण मिसळल्याचं दुःख आहे. दाणे अजून आत आहेत, पण वेगळे काढणं कोणाच्या हातून होईल? पूर्ण नाश सांगायचा असेल तर हा शब्द कमी पडतो. बदनामी, व्यसन, भाऊबंदकीतले दावे यांना तो नेमका लागतो.

बेचिराख म्हणजे जळून राख होणं ना?

नाही. राख हा आपल्या कानाचा भास. मूळ फारसी शब्द 'बे-चिराग'. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. आग लागलीच पाहिजे असं नाही, माणसं निघून गेली तरी पुरे. मराठीत 'ग'चा 'ख' झाला आणि शेवटी राख ऐकू येऊ लागली, तेव्हापासून हा शब्द जाळपोळीला बांधला गेला. आज वर्तमानपत्रात 'आगीत दुकान बेचिराख' असं येतं. चालून गेलं आहे, चूक म्हणून खोडत बसू नका. पण मूळ अर्थ आपल्याच भागात महसुली कागदावर जिवंत आहे, वेगळ्या नावानं.

सातबाऱ्यावर किंवा गावांच्या यादीत नावापुढं 'रिठी' लिहिलेलं पाहिलं असेल. नागपूर, वर्धा, चंद्रपूर या जिल्ह्यांत अशी गावं पुष्कळ. रिठी म्हणजे वस्ती नसलेलं गाव. शिवार आहे, गट नंबर आहेत, सारा भरला जातो, पण राहणारं कोणी नाही. तिथं गेलात तर दोन-तीन जुन्या चिंचा दिसतील, मारुतीचा ओटा, एखादी बुजलेली विहीर. जिथं वस्ती होती ती पांढरी माती नांगरली की खापरांचे तुकडे वर येतात. कुठं पटकी, कुठं प्लेग, कुठं दुष्काळ, कुठं नदीनं पात्र बदललं. खरं 'बेचिराग' गाव बघायचं असेल तर रिठीत जा. तिथं राख नाही, हरभरा आहे.

नेस्तनाबूतचा अर्थ?

फारसी 'नीस्त ओ नाबूद'. नीस्त म्हणजे नाही, नाबूद म्हणजे नसलेलं. आता नाही आणि जणू कधी नव्हतंच. इतका पुरा शब्द क्वचित सापडतो. त्याला मराठीत तोडीस तोड जोडी आहे: होत्याचं नव्हतं. कोणाच्या प्रभावाशिवाय बायाबापड्यांच्या तोंडी असलेला हा वाक्प्रचार मला नेस्तनाबूतपेक्षा जास्त भिडतो, कारण त्यात आधी 'होतं' म्हटलं जातं.

नागपूर जिल्ह्यात नरखेड तालुक्यातलं मोवाड. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचा पूर गावात शिरला आणि २०४ माणसं गेली. तिकडच्या माणसाला विचारा, तो 'विध्वंस' म्हणणार नाही, 'पूरग्रस्त' तर नाहीच. 'होत्याचं नव्हतं झालं' एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. नेस्तनाबूत हा शब्द शत्रूच्या तळासाठी आणि अतिक्रमणाच्या बातमीसाठी ठेवा. त्यात करणारा असतो आणि त्याला केल्याचा अभिमान असतो. होत्याचं नव्हतं होताना करणारा दिसत नाही.

पानिपत झालं, असं पिकाला म्हणतात का?

म्हणू नये. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई. त्यात दोन बाजू होत्या आणि एक हरली. म्हणून निवडणुकीत, सोसायटीच्या पॅनेलमध्ये, कबड्डीत पानिपत होतं. पाऊस आपला प्रतिस्पर्धी नाही, तो आपल्याशी लढायला येत नाही.

नायनाट कुठं वापरावा?

जे गेलं तर आनंद होईल तिथं. तणाचा नायनाट, डासांचा नायनाट, मावा-तुडतुड्यांचा नायनाट. औषधाच्या डब्यांवर हाच शब्द छापलेला असतो. 'माझ्या सोयाबीनचा नायनाट झाला' असं एकानं लिहून आणलं होतं. वाचणाऱ्याला वाटेल सोयाबीन हेच तण होतं. निर्मूलन, उच्चाटन हे त्याचे कचेरीतले भाऊ: देवी रोगाचं निर्मूलन, वेठबिगारीचं उच्चाटन.

धूळधाण, वाताहत, दाणादाण, राखरांगोळी हे सगळे सारखेच का?

वाताहत म्हणजे वाऱ्यानं झोडपलेलं. एकत्र असलेलं पांगतं तिथं शोभतो. बाप गेला आणि चार लेकरं चार गावांना गेली, ही वाताहत. दाणादाण सैन्याची, मोर्चाची, लग्नात अवकाळी आल्यावर वऱ्हाडाची. ती उडते आणि तासाभरात माणसं परत गोळाही होतात. धूळधाण पैशाची, इभ्रतीची. राखरांगोळी बहुतेक स्वप्नांची होते, निदान बातम्यांत तरी. या शेवटच्या शब्दाला मी कंटाळलो आहे. दरवर्षी ऑक्टोबरात 'शेतकऱ्यांच्या स्वप्नांची राखरांगोळी' हा मथळा येतोच, आणि वाचून कोणत्या पिकाला काय झालं ते कळत नाही.

उध्वस्त की उद्ध्वस्त?

उद्ध्वस्त. उत् + ध्वस्त, म्हणून द आणि ध दोन्ही हवेत. परीक्षेत हमखास येतो.

जमीनदोस्तमध्ये दोस्त कसा?

फारसी 'जमींदोज'. 'दोज' म्हणजे शिवलेलं. जमिनीला शिवल्यासारखं सपाट. दोस्त आपण घुसवला. इमारतीला वापरा. वादळानं आडव्या झालेल्या केळीच्या बागेलाही चालेल.

अर्जात 'सत्यानाश झाला' लिहिलं तर चालेल का?

फाडून टाकणार नाहीत, पण उपयोग शून्य. कचेरीला तुमचं दुःख मोजता येत नाही, क्षेत्र मोजता येतं. शेती नुकसानीच्या शासकीय मदतीला ३३ टक्के किंवा जास्त नुकसान लागतं. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. म्हणजे तुम्ही 'संपूर्ण सत्यानाश' लिहिलं आणि पंचनाम्यात ३० टक्के आलं, तर कागदोपत्री तुमचं काही झालेलंच नाही.

एकानं लिहून आणलं होतं: 'साहेब, गारपिटीने माझा सत्यानाश केला, आता जगून काय करू.' मी असं केलं: 'अमुक तारखेला सायंकाळी झालेल्या गारपिटीमुळे गट क्रमांक अमुकमधील ०.८० हेक्टरवरील संत्रा बागेत मृग बहाराची फळे गळाली, उरलेल्या फळांवर गारांचे व्रण आहेत; फांद्यांची साल सोलली आहे. पंचनामा व्हावा.' तो वाचून म्हणाला, 'भाऊ, यात माहं दुःख कुठं हाय?' दुःख फळांच्या व्रणात आहे, पण हे त्याला समजावणं सोपं नव्हतं. मग त्याच्या समाधानासाठी शेवटी 'माझे अतोनात नुकसान झाले आहे' ही ओळ घातली. अतोनात हा कचेरीला चालणारा एकमेव हंबरडा आहे.

पंचनामा पटवारी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. पटवाऱ्याचं सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायकाचं सहायक कृषी अधिकारी झालं आहे, अर्जावर तीच लिहा. हाक मारताना काहीही चालतं. ते येतील तेव्हा स्वतः वावरात हजर राहा आणि पंचनाम्यावर टक्का किती लिहिला ते सही करण्याआधी वाचा.

आणि आणेवारी?

ती एका माणसाच्या नाशाची नव्हे, गावाच्या पिकाची. रुपयाला सोळा आणे धरून पीक किती आणे आलं ते सांगायची जुनी रीत. आता पैसेवारी म्हणतात, आपण मात्र आणेवारीच. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी तीनदा निघते. ५० पैशांच्या खाली आली तर दुष्काळी सवलतींचं दार उघडू शकतं. तुमचं वावर नदीकाठी वाहून गेलं आणि गावाची आणेवारी ६० पैसे निघाली, असंही होतं. तेव्हा सत्यानाश तुमचा एकट्याचा असतो.

आसमानी-सुलतानीचा यात काय संबंध?

नाश कोणी केला हे सांगणारी जोडी. गारा, पूर, कोरडा दुष्काळ ही आसमानी. भाव पाडणं, बोगस बियाणं, ऐन पिकाला पाणी द्यायच्या वेळी वीज तोडणं ही सुलतानी. जुन्या माणसांनी हा हिशेब फार नीट ठेवला होता. आसमानीला 'होत्याचं नव्हतं झालं' म्हणतात, सुलतानीला 'वाटोळं केलं'. एकात झालं, दुसऱ्यात केलं. बोलताना आपण हे क्रियापद आपोआप बरोबर वापरतो, लिहिताना विसरतो.

धुऱ्यावर (बांधावर) उगवणाऱ्या काटेरी झाडाला सत्यानाशी का म्हणतात?

हे हिंदी नाव. मराठीत पिवळा धोतरा. मूळचं मेक्सिकोचं झाड, पडीक जागी आणि रस्त्याच्या कडेला माजतं. पान तोडलं की पिवळा चीक निघतो. बी मोहरीसारखं दिसतं आणि धोका तिथंच. मोहरीच्या तेलात या बियांचं तेल मिसळलं गेलं तर पाय सुजतात, धाप लागते, हृदयावर परिणाम होतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीनं साठहून अधिक माणसं दगावली. चीक डोळ्यात घालायचा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

'बेचिराखपणा', 'गावाचं बेचिराख झालं' असं लिहिता येतं का?

नाही. सत्यानाश, वाटोळं, मातेरं, धूळधाण, नायनाट ही नामं आहेत, त्यांना 'चा-ची-चं' लागतं: पिकाचं वाटोळं झालं, पैशाची धूळधाण झाली. बेचिराख, नेस्तनाबूत, उद्ध्वस्त, जमीनदोस्त, नामशेष ही विशेषणं. ती सरळ लागतात: गाव बेचिराख झालं, माळढोक नामशेष होत चालला. आणि 'थोडा सत्यानाश' लिहू नका. 'पुरता सत्यानाश' मात्र खुशाल लिहा. शब्दात आधीच सगळं असलं तरी मराठी माणसाला 'पुरता' म्हटल्याशिवाय समाधान होत नाही.

आजी नातवाला 'सत्यानास होईन तुह्या' म्हणते. हा शाप समजायचा का?

हातात काठी असेल तर पळा. हातात भाकर असेल तर जेवायला बसा.